वाचकांचे प्रश्न: डबलसीट फिरायला मोठी क्रूझर घ्यावी का?

प्रश्न : नमस्कार. मी साताऱ्याचा, वय ५१, उंची पाच फूट पाच इंच. आजवर दीडशे सीसीच्या गाडीवरच फिरलो. मुलगी पुण्यात नोकरीला लागली, आता घरात मी आणि आमची ही दोघंच, त्यामुळे दोघांनी फिरायचं ठरवलंय. रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० ही क्रूझर मनात भरलीय, शोरूमला दोनदा जाऊन बसून आलो. फिरायचं म्हणजे कोकण, गोवा, गोकर्ण, हंपी, आणि जमलं तर राजस्थान. हिचं वय ४८, कंबरेचा जुना त्रास आहे पण उत्साह माझ्यापेक्षा जास्त. मुलगी म्हणते बाबा मीटिऑर ३५० घ्या, मित्र म्हणतात एवढे पैसे घालतोयस तर मोठीच घे. घर मंगळवार पेठेत, गल्ली चढाची, गाडी फाटकातून वळवून आत घ्यावी लागते. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नमस्कार दादा. तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, पन्नाशीनंतर दोघांनी मिळून गाडीवर निघायचं हा विचारच मस्त आहे. पण तुम्ही शोरूमला दोनदा बसून आलात म्हणता, वहिनी किती वेळा बसल्या? पत्रात तसं काही दिसत नाही, आणि माझं सगळं उत्तर तिथूनच सुरू होतं. डबलसीट टूरिंगची गाडी मागच्या सीटवर बसून ठरवायची असते. पुढच्याला हँडल असतं, रस्ता दिसतो, खड्डा येतोय हे दोन सेकंद आधी कळतं आणि अंग आपोआप तयार होतं. मागच्याला त्यातलं काहीच नसतं, थेट दणकाच कळतो.

क्रूझरमध्ये हा दणका जरा जास्तच लागतो, त्याचं कारण समजून घ्या. गाडी दिसायला खाली आणि लांब हवी म्हणून मागचे शॉकॲब्सॉर्बर आखूड असतात. सुपर मीटिऑरचं मागचं चाक जेमतेम १०१ मिलिमीटर वरखाली होतं, त्याच कंपनीच्या, खराब रस्त्यांसाठी बनवलेल्या हिमालयन ४५० चं २०० मिलिमीटर. म्हणजे निम्मंच, आणि त्यात मागची सीट जवळपास चाकावरच येते. शिवाय पाय पुढे ठेवून बसायची पद्धत असल्यामुळे सगळं वजन माकडहाडावर. साध्या गाडीवर खड्डा आला की आपण फूटरेस्टवर जोर देऊन जरा उठतो तसं क्रूझरवर उठताच येत नाही, त्यामुळे गुळगुळीत रस्त्यावर जी बैठक एकदम राजेशाही वाटते तीच पाटण ते चिपळूण उतरताना कंबरेला लागायला लागते. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, ती ज्या रस्त्यासाठी बनवलीय तिथं फारच सुंदर चालते, पण तुमच्या साताऱ्यातून कुठंही कोकणात जायचं म्हटलं की घाट उतरूनच जावं लागतं, कुंभार्ली घ्या नाहीतर आंबेनळी.

म्हणून पहिलं काम, आधी वहिनींच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले की मग गाडी भाड्याने घ्या. पुण्यात मोठ्या गाड्या दिवसाच्या भाड्याने मिळतात, गोव्यात तर मिळतातच. (गोव्यात भाड्याची गाडी घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची कुणाची घरची गाडी स्वस्तात मिळाली तरी नको.) शोरूमची टेस्ट राईड म्हणजे सपाट रस्त्यावर पाच-सात किलोमीटर, त्यात कंबरेला काय कळणार. पूर्ण दिवस घ्या, वहिनींना मागे बसवा, सामानाची बॅग पण बांधा, थोडा हायवे थोडा खराब रस्ता असं दीडशे-दोनशे किलोमीटर फिरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कंबर काय म्हणते ते त्यांना विचारा. त्याच संध्याकाळी विचारू नका, फिरून आल्याच्या आनंदात सगळ्यांना सगळं चांगलंच वाटतं.

आता वजनाचं बघू. गाडी २४१ किलो. तुम्ही दोघं मिळून हेल्मेट-जॅकेटसकट दीडशे धरा, सामान वीस. ४११ किलो झालं. तुम्ही दीडशे सीसीची चालवता ती साधारण १४० किलोची असेल, म्हणजे तुम्हाला सवय आहे त्याच्यापेक्षा शंभर किलो जास्त. गाडी चालायला लागली की हे वजन कुठं जातं कळत पण नाही, उलट ट्रकच्या वाऱ्यात गाडी हलत नाही, ६५० वर बसल्याबसल्या जो भरवसा वाटतो तो ह्या वजनामुळेच. अडचण येते ती गाडी थांबलेली असताना किंवा अगदी हळू असताना. पेट्रोल पंपावर वळवताना, हॉटेलच्या खडीच्या पार्किंगमध्ये, घाटात वाट चुकली म्हणून चढावर यू टर्न मारताना.

एक उदाहरण देतो, तुम्ही ह्या वाटेने जाणारच आहात म्हणून. गुहागरहून दापोलीला जायचं तर धोपावे ते दाभोळ फेरीबोट. बोटीचा तो लोखंडी रॅम्प खाली टेकतो, त्याच्यावर पाणी आणि चिखल, पुढे धक्क्याचा चढ, मागून कार हॉर्न वाजवतेय, आणि रॅम्प जिथं संपतो तिथं छोटी पायरी असते. तिथं वहिनींना आधी उतरवायचं, त्या चालत वर जातील, तुम्ही एकटे पहिल्या गियरमध्ये क्लच धरत, दोन्ही पाय खाली लागतील असे, सरळ रेषेत, पुढचा ब्रेक न दाबता गाडी वर घ्यायची. रॅम्पवर हँडल वळवून पुढचा ब्रेक दाबला की २४१ किलो कुणालाच सावरत नाही, मग तो कितीही पहिलवान असो. ह्या गाडीची सीट ७४० मिलिमीटरवर आहे, तुमच्या उंचीला दोन्ही टाचा जमिनीला नीट लागतील, हा तिचा फार मोठा प्लस पॉइंट आणि तुमच्यासाठी क्रूझर हा विचार मला पटतो तो ह्याच कारणाने.

तुमची गल्ली मात्र मला काळजीची वाटते. ह्या गाडीला रिव्हर्स नाही. (रिव्हर्स असलेल्या टूरिंग गाड्या असतात, होंडा गोल्डविंगला आहे, पण ती १८३३ सीसीची, पावणेचारशे किलोच्या वरची आणि किंमत पण वेगळ्याच दुनियेतली.) उताराकडे तोंड करून गाडी लावली की मागे ओढायची ती चढावर, एकट्याने, तेही सकाळी सहाला. तेव्हा डीलरला स्पष्ट सांगा, टेस्ट राईडची गाडी घरापर्यंत आणा. तुमच्या फाटकातून इंजिन बंद ठेवून एकट्याने आत घ्या, बाहेर काढा. दोन-तीन वेळा करून बघा. जमलं तर प्रश्न मिटला. नाही जमलं तर खालच्या रस्त्याला कुठे पार्किंग मिळतंय का बघा, नाहीतर होतं काय की गाडी काढायचाच कंटाळा येतो आणि चार लाखांची गाडी कव्हरखाली उभी राहते. हे मी फार लोकांचं होताना बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं.

इंजिनाबद्दल मित्र म्हणतात ते अर्धं खरं आहे. मीटिऑर ३५० ला साधारण २० हॉर्सपॉवर, सुपर मीटिऑरला ४७. दोघं आणि सामान घेऊन ३५० सत्तर-ऐंशीने दिवसभर आरामात चालते, पण खंबाटकी चढताना ट्रक ओलांडायचा तर एक गियर खाली टाकून वाट बघावी लागते. ६५० वर तोच ट्रक कधी मागे पडला कळत नाही आणि ऐंशीला इंजिन एवढं शांत असतं की दिवसाच्या शेवटी थकवा कमी येतो. हा फरक खरा आहे आणि हंपी, राजस्थानच्या लांब पल्ल्याला तो जाणवणारच, कोल्हापूर-बेळगाव-हुबळी करत हंपी म्हणजे एका दिवसात साडेचारशेच्या पुढे जातं. पण दुसरी बाजू पण बघा, दुचाकीला चौपदरी हायवेवर सुद्धा कायद्याने ताशी ८० चीच मर्यादा आहे, आणि जे रस्ते खरंच क्रूझरसाठी बनवल्यासारखे आहेत, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, तिथं दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे तुम्ही ४७ हॉर्सपॉवर वापरणार ते वेगासाठी नाही तर ओव्हरटेकसाठी आणि आरामासाठी. त्यासाठी पैसे मोजायची तयारी असेल तर जरूर मोजा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्याच्या वरच्या गाड्यांचा सेस धरून ३१ होता तो ४० झाला, त्यामुळे दोन्ही गाड्यांमधलं अंतर आधीच होतं ते अजून वाढलं. आज मीटिऑर ३५० दोन लाखांच्या आसपास, सुपर मीटिऑर चार लाखांच्या आसपास, तेही एक्स-शोरूम. इन्शुरन्सचं पण तसंच, २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार नवीन गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता ३५० पर्यंत ७,३६५ आणि वर १५,११७ रुपये. आणि हो, पॉलिसी घेताना मागे बसणाऱ्याचं अपघात कव्हर वेगळं मागून घ्या. मालक-चालकाचं कव्हर सक्तीचं असतं, मागच्याचं आपण मागितलं तरच मिळतं, आणि डबलसीट फिरणाऱ्यानं ते घेतलंच नाही असं व्हायला नको.

तर माझं मत. वहिनींची कंबर आणि तुमची गल्ली ह्या दोन्ही परीक्षा पास झाल्या तर ६५० घ्या, बिनधास्त घ्या, आणि तिचं सेलेस्टियल मॉडेल घ्या म्हणजे पुढची काच, रुंद टूरिंग सीट आणि मागच्याला पाठीचा टेकू कंपनीतूनच बसून येतो. टेकू ही चैनीची गोष्ट समजू नका, जुन्या कंबरेला त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा नाही. गल्ली नापास झाली तर मुलीचं ऐका, मीटिऑर ३५० घ्या, १९१ किलो आहे, खालून १७० मिलिमीटर मोकळी आहे (सुपर मीटिऑर १३५, गावाकडचे स्पीडब्रेकर डबलसीट असताना पोटाला घासतात), आणि राहिलेल्या दोन लाखांत किती फिरून होईल बघा. कंबरच नापास झाली तर क्रूझरचा नाद सोडा. मग लांब शॉकॲब्सॉर्बरची गाडी बघावी लागेल, हिमालयनसारखी, पण तिची सीट ८२५ मिलिमीटरवर, तुमच्या उंचीला ती डबलसीट पेलायला वेळ लागेल आणि वहिनींना प्रत्येक वेळी टांग वर टाकून चढावं लागेल, त्यामुळे ते पण बसूनच ठरवा.

कुठलीही घेतलीत तरी एक काम पहिल्याच दिवशी करा. मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगखाली खाचा असलेली रिंग असते, टूलकिटमधल्या हुकासारख्या पान्याने ती फिरते. बहुतेक जण आयुष्यभर त्याला हात लावत नाहीत. वहिनी आणि सामान असलं की ती दोन-तीन खाचा घट्ट करायची, एकटे असताना परत सैल. आणि मागच्या टायरची हवा डबलसीटला जास्त लागते, किती ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तो आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, पंपावरच्या पोराच्या अंदाजावर जाऊ नका. त्याच पुस्तकात गाडीवर जास्तीत जास्त किती वजन चालतं ते पण असतं, तुमच्या दोघांचं वजन त्यातून वजा करा, उरेल तेवढंच सामान.

प्रश्न : ह्यांनी मागच्या वर्षी क्रूझर घेतली. मी मागे बसते. शंभर किलोमीटर झाले की माकडहाड दुखतं, गुडघे आखडतात, ब्रेक मारला की मी पुढे घसरते. ह्यांना वाटतं मला आवड नाही. आवड आहे हो, पण त्रास होतो. काय करता येईल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, हे पत्र तुमच्या ह्यांना वाचायला द्या. आवड असणाऱ्या माणसाला त्रास होतो तेव्हा दोष माणसाचा नसतो, सीटचा असतो. बऱ्याच क्रूझरची मागची सीट दिसायला छान म्हणून बारीक आणि उतरती केलेली असते. पहिलं काम, पाठीचा टेकू बसवून घ्या. दुसरं, सीट चांगल्या सीटवाल्याकडे नेऊन मागचा भाग रुंद आणि सपाट करून घ्या, पुढे उतार ठेवू नका म्हणावं, तुमची पुढे घसरण त्या उतारामुळेच होतेय. फोम कडक घ्या. मऊ फोम दुकानात बरा वाटतो आणि तासाभरात खाली बसतो, मग हाड थेट पत्र्यावर.

गुडघ्यांसाठी थांबणं हाच उपाय, आणि दुखायला लागल्यावर नाही तर त्याच्या आधी. नाशिकहून सापुताऱ्याला निघालात तर वणीला थांबायचंच, भूक असो नसो. दर तासाला पाच मिनिटं उतरून चालायचं. कधी थांबायचं हे तुम्ही सांगायचं, त्यांनी नाही, हे आधीच ठरवून घ्या. दोन हेल्मेटमधला ब्लूटूथ इंटरकॉम घेतलात तर फार बरं, खड्डा येतोय, स्पीडब्रेकर येतोय, ब्रेक मारतोय एवढं जरी पुढून सांगितलं तरी तुमचं अंग सावरतं. इंटरकॉम नसेल तर मांडीवर दोन थापा म्हणजे थांबा, असं काहीतरी ठरवा. पाठीवर सॅक घेऊन बसू नका, ते सगळं वजन तुमच्या कंबरेवर येतं, सॅक गाडीला बांधा, शक्यतो दोन्ही बाजूंना आणि खाली. मागे उंच पेटी लावून ती भरली की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर हँडल हातात नीट बसत नाही.

बसताना-उतरताना नेहमी त्यांना विचारून. दोन्ही पाय त्यांनी जमिनीवर घट्ट ठेवले, ते "बस" म्हणाले, मगच डावीकडून चढायचं. उभी गाडी पडते ती बहुतेक वेळा मागचा माणूस न सांगता उतरतो तेव्हाच. वळणावर त्यांच्या खांद्याच्या बाजूने रस्त्याकडे बघा, वळण डावीकडे असेल तर डाव्या खांद्यावरून, अंग आपोआप गाडीबरोबर झुकतं.

आणि ओढणी. ताई, हे मी हात जोडून सांगतो. ओढणी, साडीचा पदर, जॅकेटचा लोंबणारा पट्टा, काहीच मागच्या चाकाजवळ नको. साडीगार्ड काढून टाकायची फॅशन आहे, मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा असा नियमच आहे आणि तो तुमच्यासारख्या मागे बसणाऱ्यांसाठीच केलेला आहे. त्यांनी काढला असेल तर परत लावायला सांगा. लांबच्या प्रवासाला जाड पँट, घोट्यापर्यंतचे बूट आणि त्यांच्याइतकंच चांगलं हेल्मेट. गाडीबरोबर फुकट मिळालेलं मागच्याला, असं चालणार नाही.

प्रश्न : हार्लेची स्ट्रीट ७५० सेकंडहँड मिळतेय, दिल्ली पासिंग, किंमत नवीन ३५० एवढीच. डबलसीट फिरायला घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डबलसीट टूरिंगसाठी नको. गाडी दमदार आहे, ७४९ सीसी, पण मागची सीट छोटी आणि सिग्नलला इंजिनची गरमी मांड्यांना चांगलीच लागते. कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातलं उत्पादन बंद केल्याचं जाहीर केलं, पुढच्याच महिन्यात विक्री-सर्व्हिससाठी हिरो मोटोकॉर्पबरोबर करार झाला, त्यामुळे सर्व्हिस मिळते, पण बंद पडलेल्या मॉडेलचा पार्ट तुम्ही गोकर्णला असताना लागला तर किती दिवस थांबाल ह्याचा विचार करा.

तरी घ्यायचीच असेल तर आधी दिल्ली आरटीओची एनओसी आणि बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र हातात घ्या, त्याशिवाय एक रुपया देऊ नका. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर महाराष्ट्राचं पासिंग करावंच लागतं आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तो आकडा आरटीओत विचारून किमतीत धरा म्हणजे स्वस्त किती ते कळेल. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही दिसत असली तरी एवढ्या जुन्या टायरवर दोन माणसं बसवू नका, दोन्ही टायर बदलायचा खर्च मालकाशी बोलतानाच वजा करून घ्या.